खो-खोने बदलावं का?

गेलं वर्षभर हा विषय डोक्यात घोळतोय. आज पाऊस आहे, फिरायला जाणं रद्द, म्हटलं चला, लिहूनच टाकू. थोडं लांबेल, आधीच सांगते. ज्यांना खेळात रस नाही त्यांनी चहा ठेवून मग वाचायला बसावं!

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत समोर नेपाळ होतं आणि दोन्ही आपण जिंकलो. मुलींनी ७८-४० असा आणि मुलांनी ५४-३६ असा. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले. त्या रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर नुसता गोंधळ चालला होता. भाच्याने लिहिलं, "मावशी, तुझा खेळ शेवटी टीव्हीवर आला!"

आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू? डोळ्यांत पाणी आलं. पण त्या "शेवटी" शब्दावर मी अडकले ते अडकलेच. म्हणजे इतकी वर्षं हा खेळ कुठे होता? टीव्हीवर येईपर्यंत तो खेळ नव्हता का? आणि दुसरं असं, की जो टीव्हीवर आला तो माझाच खेळ का? कारण ७८-४० असा गुणफलक आम्ही जन्मात पाहिला नव्हता. आमच्या वेळी पेपरात बातमी यायची ती "१२-११ असा एक गुणाने विजय" किंवा "एक डाव राखून विजय" अशी.

तेव्हापासून ओळखीच्या जुन्या खेळाडूंशी बोलणं झालं की दोन तट पडलेले दिसतात. एक तट म्हणतो, हा खो-खो नव्हेच, हा तमाशा आहे. दुसरा म्हणतो, बदललं नाही तर खेळ मरेल, कबड्डीकडे बघा. दोघांचंही ऐकून घेतलं. आता माझं सांगते.

पण त्याआधी आमच्या परदेशातल्या नातवंडांसाठी खेळ म्हणजे काय ते थोडक्यात. (बाकीच्यांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल.) मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब, साधारण चार फुटी. त्यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी, त्यावर आठ चौकोन. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी या चौकोनांत उकिडवे बसतात, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. नववा पळतो. दुसऱ्या संघाचे तीन गडी मैदानात येतात आणि चुकवत राहतात. ते बाद झाले की पुढचे तीन. पळणाऱ्यांना मोकळीक आहे, ते मधल्या पट्टीतून या बाजूचे त्या बाजूला जाऊ शकतात. पाठलाग करणाऱ्याला नाही! त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. मग तो काय करतो? बसलेल्याच्या पाठीमागे जाऊन पाठीला हात लावतो आणि मोठ्याने "खो" म्हणतो. बसलेला उठून पळतो, हा त्याच्या जागी बसतो. बस्स, एवढाच खेळ. पण यात सगळं आलं.

मी मराठीची शिक्षिका. खेळाशी माझा संबंध कॉलेजात खेळले तेवढाच. १९७५ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कुलात रुजू झाले तेव्हा तिथे खेळाचे सर नव्हते. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्ही खेळलेल्या आहात, मुलींचं तेवढं बघा." ते बघणं पुढे पस्तीस वर्षं चाललं. निवृत्त झाले त्या दिवशीसुद्धा पाचच्या ठोक्याला मैदानावर होते.

मैदान म्हणजे काय, तर शाळेमागची मुरमाड जागा. दर जूनला मुली रांगेने बसून खडे वेचायच्या. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग दोरी धरून फक्कीच्या रेघा. खांब गावच्या सुताराने दिलेले. एवढ्यावर आमच्या मुली जिल्ह्याला जायच्या आणि अधूनमधून विभागालाही. सगळा खर्च काय तो एसटीच्या तिकिटांचा आणि भाकरीसोबतच्या चटणीचा.

तर गेल्या दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी फराळाला आली. ती आता स्वतः एका खेड्यातल्या शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. ख्यालीखुशाली झाली आणि मग तिने तिची अडचण सांगितली. "बाई, मोठ्या स्पर्धा मॅटवर गेल्या. माझ्या मुली मातीत अनवाणी पळतात. मॅटवर बूट लागतात, पाय वेगळा पडतो. शिवाय त्या लीगमध्ये सात-सात गडी, सात मिनिटांची पाळी, तो वजीर वगैरे. मुलींनी मोबाइलवर तेच पाहिलंय, त्यांना तसंच खेळायचंय. मी यांना कुठला खो-खो शिकवू?"

प्रश्न साधा आहे, पण तिच्या शाळेतल्या वीस-पंचवीस मुलींचं काय होणार ते त्याच्या उत्तरावर ठरणार आहे. म्हणून मला "तमाशा" म्हणून हात झटकता येत नाही आणि "बदला नाहीतर मरा" असंही म्हणता येत नाही.

आधी बदलाच्या बाजूने जे आहे ते मांडते, कारण ते वजनदार आहे.

कबड्डीचंच बघा. आमच्या लहानपणी महाराष्ट्रात तिला हुतुतू म्हणत, दक्षिणेत चेडुगुडू, प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे. ते एक केले, बांधले. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रात्यक्षिक म्हणून आणि १९९० साली बीजिंगला पदकाचा खेळ म्हणून ती उतरली. माती जाऊन मॅट आली. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तीस सेकंदांची चढाई, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी "करो या मरो". जुने लोक तेव्हाही नाराज होते. पण त्यानंतर काय झालं? शेतकऱ्यांची पोरं लाखो रुपये मिळवू लागली. आणि २०१८ साली जाकार्ताला इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य सामन्यात आणि महिलांना अंतिम सामन्यात हरवलं! लोकांना धक्का बसला. मला वाटलं, हीच खरी पावती. आपला खेळ दुसरा देश आपल्यापेक्षा चांगला खेळू लागला, म्हणजे खेळ मोठा झाला.

याच्या उलट आट्यापाट्या. लहानपणी चांदण्या रात्री आम्ही पाट्या आखून खेळायचो. सूर, पाटी, कोंडी... हे शब्दसुद्धा आता मुलांना सांगावे लागतात. खेळ चांगला, डोक्याचा, हुलकावणीचा. त्याची संघटना आहे, स्पर्धाही होतात. पण किती शाळांच्या अंगणात दिसतो? माझ्या नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत एकाही मुलीने मला "बाई, आट्यापाट्या खेळू" असं म्हटलं नाही. खेळ मरतो तो असा. कुणी बंदी घालत नाही, नुसतं कुणी नाव काढत नाही.

आणि तिसरी गोष्ट. "मूळचा शुद्ध खो-खो" म्हणतात तो तरी कुठे आभाळातून पडला? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास नियम बांधले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२४ मध्ये नियम छापले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यात हात घातला. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक भारतीय खेळ दाखवायला गेलं होतं. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली, तीही फक्त पुरुषांची. महिलांची त्याच्या पुढच्या वर्षी कोल्हापूरला. या सगळ्या वाटचालीत मैदानाची मापं बदलली, गडी बदलले, मिनिटं बदलली, गुण बदलले. ज्याला आम्ही "आमचा" खेळ म्हणतो तो आमच्या आजोबांच्या पिढीने केलेल्या बदलांचा आहे. त्यांच्याही काळी कुणीतरी पारावर बसून "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणालं असेलच की!

तेव्हा बदल नकोच, हे म्हणणं मला पटत नाही. प्रश्न आहे तो कुठला बदल, कशासाठी आणि कुणासाठी. एकेक घेऊ.

पहिली मॅट. मातीवर प्रेम असणाऱ्यांनी कधी मुरमावर सूर मारून बघितलाय का? मी पस्तीस वर्षं मुलींचे गुडघे धुतलेत. कोपरं सोललेली, हळद लावायची, वर फडकं बांधायचं. एका मुलीच्या गुडघ्यात खडा रुतून बसला होता, तालुक्याला नेऊन काढावा लागला. मॅटवर सूर निर्धास्त मारता येतो. पाऊस आला तरी सभागृहात सामना होतो. शिवाय दुसऱ्या देशांनी खेळायला हवं असेल तर त्यांना मुरूम कुठून पाठवणार? आता अहमदाबादला २०३६ चं ऑलिंपिक व्हावं अशी खटपट चालू आहे आणि त्यात खो-खो असावा असं खेळाच्या संघटनेचं स्वप्न आहे. त्यासाठी खेळ अनेक देशांत रुजला पाहिजे आणि मॅटशिवाय ते होणं अवघड आहे.

पण मॅटची किंमत लाखांत जाते. ती ठेवायला खोली लागते, अंथरायला सपाट जागा लागते. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या शाळेत पत्रे गळतात म्हणून दोन वर्ग एकत्र बसतात. तिथे मॅट कुठून आणायची? आणि तालुक्यापासून वरच्या सगळ्या स्पर्धा मॅटवर झाल्या तर तिच्या मुली पहिल्याच फेरीत घसरून घरी येणार. शहरातले चार क्लब तेवढे पुढे जाणार. म्हणजे खेळ मोठा झाला आणि खेळणारे कमी झाले.

दुसरी मिनिटं. नऊची सात केली. इथे जुन्या लोकांचं दुःख मला कळतं. नऊ मिनिटांत दमाचा कस लागायचा. तीन मिनिटं पळून झाल्यावर खरा खेळ सुरू होतो, पाय जड होतात तेव्हा हुलकावणी डोक्याने द्यावी लागते. एकेरी साखळी धरून एकेक गडी टाकत जाणारी मुलगी किंवा खांबाजवळ गोल गोल फिरवत ठेवणारी मुलगी, हे बघताना आम्ही श्वास धरून उभे असायचो. पण सात मिनिटांतही ते मरत नाही, थोडं आखडतं एवढंच. जगभरच्या खेळांनी वेळ कमी केली. या बदलासाठी मी भांडणार नाही.

तिसरी गोष्ट गुणांची. जुन्या खेळात गुण फक्त बाद करणाऱ्याला. एखादी मुलगी चार मिनिटं पळाली तरी तिच्या नावावर गुण शून्य. पेपरात तेवढं "संरक्षणात अमुक मिनिटे" असं यायचं. २०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली, तिथे ठरलेल्या वेळेपेक्षा तुकडी जास्त टिकली की संरक्षण करणाऱ्यांनाही गुण देऊ लागले. विश्वचषकातही ते "ड्रीम रन" म्हणून होतं. हा बदल मला मनापासून आवडला. टिकून राहणंसुद्धा कर्तृत्व आहे, हे कुणीतरी आकड्यात लिहिलं. बाईमाणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको!

चौथी गोष्ट मात्र अशी की तिथे माझा पाय अडतो. वजीर. लीगमध्ये पाठलाग करणाऱ्यांपैकी एकाला वजीर नेमतात आणि त्याला दिशेचं बंधन नसतं. तो हवा तसा वळू शकतो. बघायला मजा येते, वेग वाढतो, कॅमेऱ्याला एक नायक मिळतो. सगळं खरं. पण खो-खो हा खेळ उभा कशावर आहे? एकट्याला वळता येत नाही, यावर! समोरचा गडी हातभर अंतरावर आहे, पण तो पलीकडे गेला, की तू कितीही चपळ असलीस तरी तुला थांबावं लागतं आणि बसलेल्या मैत्रिणीच्या हाती खेळ द्यावा लागतो. देऊन तू तिच्या जागी बसतेस. पुन्हा उठायची पाळी कधी येईल, सांगता येत नाही. बाद तिने केला तर नाव तिचं होतं. खेळ मात्र दोघींचा असतो.

मराठीची शिक्षिका म्हणून एक गंमत सांगते. आपल्या बोलण्यात "खो घालणे" म्हणजे दुसऱ्याच्या कामात अडथळा आणणे. मैदानावर "खो देणे" म्हणजे आपलं काम दुसऱ्यावर विश्वासाने सोपवणे. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि मधला फरक फक्त घालणे आणि देणे यांचा. ब्लॉगवाल्या मंडळींमध्येही एके काळी एकमेकांना खो द्यायची पद्धत होती, आठवतं का? एकाने लिहायचं आणि पुढच्याला खो द्यायचा. तो अर्थ मैदानावरूनच आलेला.

आणि बसलेल्या मुलींबद्दल. टीव्हीवर त्या दिसतच नाहीत, कॅमेरा पळणाऱ्यामागे असतो. बघणाऱ्याला वाटतं की एक पळतोय आणि आठ जण नुसते बसलेत. अहो, खेळ तर तिथेच असतो! बसलेली मुलगी मान न वळवता पावलांच्या आवाजावरून ओळखते कोण कुठे आहे. टाचा उचललेल्या, हात जमिनीला टेकलेले, कान मागे. "खो" ऐकू येण्याआधी उठली तर फाउल, अर्धा क्षण उशिरा उठली तर गडी गेला. वर्गात पहिल्या बाकावरची हुशार मुलगी प्रत्येक प्रश्नाला हात वर करते. मी तिला म्हणायचे, तू थांब, आता मागच्या बाकावरचीला बोलू दे. खो-खोत हे मला कधी म्हणावं लागलं नाही. नियमच ते काम करायचा. वजीर आला की पहिल्या बाकावरचीला कायमची परवानगी मिळते.

लीगवाल्यांनी लीगमध्ये हवं ते करावं, तो त्यांचा धंदा आहे, लोक तिकीट काढून येतात. पण हाच नियम खाली शाळेच्या मैदानापर्यंत आला तर सहावीतली मुलगी काय शिकेल? की आपल्या संघात एक वजीर आहे आणि बाकीच्या प्यादी आहोत.

आता "मान्यता" या शब्दाकडे येते, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. मान्यता म्हणजे कुणाची? टीव्हीची? प्रायोजकांची? ऑलिंपिकची? त्या सगळ्या हव्यातच. पण माझ्या मुलींना ज्या माणसाची मान्यता मिळवताना सगळ्यात जास्त दम लागला तो माणूस म्हणजे त्यांचे वडील.

२००१-०२ ची गोष्ट असेल. नववीतली एक मुलगी, काटक, काळीसावळी, पळायला लागली की डोळ्यांना दिसायची नाही. जिल्ह्याच्या संघात निवड झाली आणि वडिलांनी नाही म्हटलं. मी घरी गेले. ओसरीवर बसले, पाणी घेतलं. ते म्हणाले, "बाई, तुमच्यावर इस्वास हाय. पर चड्डी घालून समद्या गावाम्होरं पळनार व्हय माझी लेक?" मी वाद घातला नाही. म्हटलं, "सलवार घालून पळाली तर?" ते गप्प राहिले. मग आतून तिच्या आईचा आवाज आला, "जाऊ दे की." त्या वर्षी आमच्या सगळ्या मुली सलवार घालून खेळल्या, एकटी तीच वेगळी दिसू नये म्हणून. पायघोळ कापड पायात येऊ नये म्हणून घोट्याशी नाडीने बांधलेलं. दुसऱ्या संघांच्या मुली हसल्या. आमच्या मुली जिंकल्या की हरल्या ते सांगत नाही, कारण त्याला महत्त्व नाही. त्या पळाल्या.

पुढे ती राज्य स्पर्धेपर्यंत खेळली. २००५ पासून राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यातून ती पोलिसात लागली. वडील पेढे घेऊन शाळेत आले तेव्हा खो-खोबद्दल एक शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "धाकटीलाबी घ्या संघात." माझ्या लेखी खो-खोला मान्यता मिळाली ती त्या दिवशी.

म्हणून मला सर्टिफिकेट, गुण, नोकरी या गोष्टी क्षुल्लक वाटत नाहीत. हौस म्हणून खेळा, पैशांचं काय घेऊन बसलात, असं म्हणणाऱ्यांची पोटं भरलेली असतात. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा मराठवाड्यातल्या किती मुलींच्या घरी "खेळू दे" असं म्हटलं गेलं असेल! खेळाला वर नेणारा प्रत्येक बदल खाली कुठल्यातरी ओसरीवर उपयोगी पडतो. त्यामुळे मोठ्या मंचाला मी नावं ठेवणार नाही. पण ओसरी ते मंच ही वाट मधेच तुटली तर? वरती झगमगाट आणि खाली शाळेचं मैदान रिकामं, असं झालं तर तो मंच कुणाच्या जिवावर चालणार? लीगला गडी येतात कुठून? याच मुरमाड मैदानांतून ना?

तर त्या विद्यार्थिनीला मी काय सांगितलं ते लिहिते.

मी म्हटलं, कुठलाही बदल आला की दोन प्रश्न विचार. पहिला, या बदलानंतरही खो द्यावाच लागतो का? दुसरा, ज्या शाळेकडे दोन खांब आणि फक्कीची पिशवी एवढंच आहे तिथे हा खेळ उद्याही खेळता येईल का? दोन्हींचं उत्तर "हो" असेल तर खुशाल घे. मिनिटं कमी होऊ देत, टिकण्याला गुण मिळू देत, कपडे बदलू देत, नावं इंग्रजी होऊ देत. पहिल्याचं उत्तर "नाही" असेल तर तो खेळ वेगळा आहे, त्याला वेगळं नाव द्यावं. आणि दुसऱ्याचं "नाही" असेल तर गप्प बसू नकोस. जिल्ह्याच्या बैठकीत उभी राहा आणि म्हण, की तालुक्याच्या फेऱ्या मातीवरच ठेवा. मॅट जिल्ह्यापासून सुरू करा, आणि स्पर्धेआधी आठ-दहा दिवस खेड्यातल्या संघांना जिल्ह्याच्या मॅटवर सराव करू द्या. यात कुणाचं काही बिघडत नाही. जिल्ह्याला एक मॅट आणि तिचं वेळापत्रक, एवढंच लागतं.

आणि मुलींना शिकवायचं ते नऊ जणींचंच शिकव. नवातून सात काढता येतात, पण सातांच्या खेळावर वाढलेल्या मुलीला नऊची साखळी लवकर उमगत नाही. बसायला शिकव आधी, पळायला त्या आपोआप शिकतात. मोबाइलवरचा वजीर त्यांना दाखव आणि विचार, की हा नसता तर इथे कुणी खो द्यायला हवा होता? बघ, त्या बरोबर सांगतील.

ती म्हणाली, "बाई, बैठकीत आमचं कोण ऐकतंय?" खरं आहे. नियम ठरवणारे आणि खडे वेचणारे एका खोलीत बसत नाहीत, हीच या बदलांची सगळ्यात मोठी खोट आहे. म्हणून मी तिला म्हटलं, तू एकटी जाऊ नकोस. तालुक्यातल्या दहा शाळांच्या सह्या घे. अर्जाचा मसुदा मी करून देते, मराठी माझी बरी आहे अजून! तिने तो नेला. नऊ शाळांच्या सह्या झाल्यात, दहावीची वाट बघतोय. बैठक पुढच्या महिन्यात आहे.

काय होतं ते कळवीनच. दरम्यान तुमच्यापैकी कुणी शाळेत खो-खो खेळला असाल तर तुमचं मत सांगा, विशेषतः विरुद्ध मत असेल तर. आणि भाच्यांनो, पुढचा सामना टीव्हीवर लागला की एकदा पळणाऱ्याकडे न बघता बसलेल्यांकडे बघा. पाच मिनिटं पुरेत.